धाप लागते तेव्हा शरीर काय सांगत असते?

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत सपाट जमीन थोडी. सावित्रीचे खोरे मागे पडले की रस्ता चढू लागतो आणि सह्याद्रीच्या उतारांवर तळीयेसारखी गावे व त्यांच्या वाड्या दिसू लागतात. लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा, भाताचा भारा असे सारेच येथे चढ-उतारावरून वाहून न्यावे लागते. दम लागणे ही त्यामुळे रोजचीच गोष्ट. दगडावर क्षणभर टेकायचे, श्वास जुळला की पुढे निघायचे. ‘जरा दम लागतोय’ या वाक्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही आणि ही सवयच कधी कधी जिवावर बेतते.

शहरातील वाचकाची स्थिती फारशी वेगळी नाही. तो जिना टाळून लिफ्टने जातो आणि एखाद्या सुटीत रायगडाच्या पायऱ्या चढताना छाती धपापू लागली की ‘वजन वाढले’, ‘वय झाले’ किंवा ‘व्यायाम सुटला’ अशी स्वतःची समजूत घालतो. बहुतेक वेळा ती खरीही असते. मात्र धाप हे एकच लक्षण फुफ्फुस, हृदय, रक्त, स्नायू, मज्जासंस्था आणि मन अशा अनेक ठिकाणच्या बिघाडांतून उद्भवते. कोणत्या धापेकडे दुर्लक्ष करावे आणि कोणती लागताच रुग्णालय गाठावे, हे ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

श्वासाची मागणी आणि पुरवठा

विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेते. प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. ही हवा कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथे प्राणवायू रक्तात मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जातो. हा व्यवहार इतका शांतपणे चालतो की आपण श्वास घेत आहोत याची जाणीवही आपल्याला नसते. ती जाणीव होऊ लागणे आणि तिने अस्वस्थ करणे, यालाच वैद्यकशास्त्र धाप म्हणते.

श्वसनाचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून होते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला तरी हे केंद्र श्वासाची गती वाढवते. मानेतील मोठ्या रोहिण्यांजवळची संवेदनकेंद्रे प्राणवायूच्या घटीची खबर देतात. फुफ्फुसे, श्वासनलिका आणि छातीचे स्नायू यांच्याकडूनही मेंदूकडे सतत संदेश जात असतात. मेंदूने मागितलेला श्वास आणि प्रत्यक्ष मिळालेला श्वास यांत तफावत पडली की धाप जाणवते.

या संदेशवहनातील एक महत्त्वाचा दुवा भारतीय शास्त्रज्ञाने शोधला आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी १९५० च्या दशकात फुफ्फुसातील केशवाहिन्यांलगतच्या संवेदी चेतातंतूंचा शोध लावला. ‘जे-रिसेप्टर’ या नावाने ते आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आढळतात. फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांवर दाब वाढून ऊतींमध्ये पाणी साचू लागले की हे तंतू उत्तेजित होतात आणि श्वास उथळ व जलद होतो.

धाप आणि प्राणवायूची पातळी या दोन गोष्टी नेहमीच एकमेकींच्या प्रमाणात नसतात. दम्याच्या रुग्णाचा जीव घाबरा झालेला असताना बोटावरचे ऑक्सिमीटर जवळपास सामान्य आकडा दाखवू शकते. याउलट कोविडच्या साथीत प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घसरलेला असूनही काही रुग्ण शांतपणे बोलत असल्याचे डॉक्टरांनी पाहिले. केवळ आकडा किंवा केवळ तक्रार यांपैकी एकावर विसंबून राहणे त्यामुळे योग्य नाही.

शब्दांतूनही निदान

मराठीत या अनुभवासाठी अनेक शब्द आहेत. कोणी ‘धाप लागते’ म्हणतो, कोणी ‘दम भरतो’, कोणी ‘छाती आवळल्यासारखी वाटते’, तर कोणी ‘श्वास कोंडतो’. रुग्णाने हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगणे उपयोगाचे असते. छाती आवळणे आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येणे हे श्वासनलिका आकुंचित झाल्याचे, म्हणजे बहुधा दम्याचे लक्षण असते. आडवे होताच श्वास कोंडणे, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप न लागणे, मध्यरात्री घाबरून उठून खिडकीशी जाऊन बसावे लागणे या तक्रारी हृदयाच्या दुर्बलतेकडे बोट दाखवतात. दीर्घ श्वास घेऊनही समाधान होत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि ओठांभोवती बधिरता जाणवते, असे वर्णन भीती वा चिंतेतून होणाऱ्या अतिश्वसनात आढळते. मात्र इतर कारणे तपासून वगळल्याखेरीज धापेला ‘मनाचा खेळ’ ठरवणे धोक्याचे आहे.

किती वेळात धाप वाढली, हा दुसरा प्रश्न. काही मिनिटांत सुरू झालेली धाप हृदयविकाराचा झटका, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी, दम्याचा तीव्र झटका, घशात अडकलेला पदार्थ किंवा विषबाधा यांमुळे असू शकते. तास-दोन दिवसांत वाढणारी धाप न्यूमोनियाकडे संशय वळवते. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जाणाऱ्या धापेमागे रक्तक्षय, धूम्रपान वा चुलीच्या धुराने झालेला फुफ्फुसविकार, हृदयाच्या झडपांचे दोष अशी कारणे असतात.

महाडने जगाला शिकवलेला धडा

अचानक लागणाऱ्या धापेचा सर्वांत बोलका अभ्यास योगायोगाने याच परिसरात झाला. कोकणच्या तांबड्या मातीत, दगडांच्या फटींत, लाकडांच्या व विटांच्या राशीत लाल विंचू आढळतो. त्याच्या दंशाने धडधाकट माणूस काही तासांत श्वासासाठी तडफडू लागतो आणि तोंडातून फेस येऊन दगावतो, असे प्रसंग येथे वारंवार घडत. विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरते, याकडे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लक्ष वेधले होते. पण त्यावर खात्रीशीर उपाय हाती नव्हता.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या निरीक्षणांतून आजाराचा क्रम उलगडला. विषामुळे चेतातंतूंच्या टोकांतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात. आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते, वायुकोशांत पाणी झिरपते आणि रुग्णाला धाप लागते. दंश पायाच्या अंगठ्याला झालेला असला तरी मृत्यू छातीत घडतो, तो या मार्गाने.

बावस्कर यांचे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले टिपण धोक्याच्या पूर्वसूचनांविषयी होते. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही लक्षणे दिसली, तर धाप लागण्याची वाट पाहू नये, असा त्याचा मथितार्थ. केवळ जागेवर असह्य वेदना होत असलेला रुग्ण त्या मानाने सुरक्षित असतो. वेदना कमी असूनही घामाने निथळणारा रुग्ण अधिक गंभीर समजावा लागतो.

उच्च रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी केला. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. विषबाधेची गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत होते. या उपचारानंतर ते एक टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांच्या लेखनातून दिसते. पुढे महाड येथेच ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलसही दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात, असे आढळले. ही चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यातला धडा विंचवापुरता मर्यादित नाही. धाप हे बहुतेकदा आजाराचे पहिले लक्षण नसते. तिच्याआधी शरीराने काही सूचना दिलेल्या असतात आणि त्या ओळखल्या तर उपचारासाठी वेळ हाती राहतो.

श्वास कोठे कोठे अडतो?

श्वसनाची साखळी अनेक कड्यांची आहे. हवेचा मार्ग मोकळा हवा, छातीचे स्नायू चालायला हवेत, वायुकोश कोरडे हवेत, हृदयाने रक्त पुढे ढकलायला हवे आणि रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन पुरेसे हवे. यांपैकी कोणतीही कडी निखळली तरी तक्रार एकच, ‘दम लागतो’.

स्नायूंची कडी तोडणारे उदाहरण म्हणजे मण्यार व नाग यांचा दंश. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तेथे ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि मग श्वास उथळ होतो. फुफ्फुसे निरोगी असतात, पण त्यांना हलवणारे स्नायू लुळे पडलेले असतात. अशा रुग्णाला प्रतिविषासोबत कृत्रिम श्वास वेळेत मिळाला तर तो पूर्ण बरा होऊ शकतो.

रक्ताची कडी कमकुवत करणारा रक्तक्षय तर घरोघरी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढ चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, थकवा आणि फिकटपणा ही त्याची लक्षणे. घरातील स्त्री दमली म्हणून तिला विश्रांती घे असे सांगणारे पुष्कळ असतात. तिचे हिमोग्लोबिन तपासून घेणारे थोडे. साध्या रक्ततपासणीतून कळणारा आणि बहुधा औषधांनी बरा होणारा हा दोष वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

वायुमार्गाची कडी झिजवणारा मोठा घटक म्हणजे धूर. विडी-सिगारेटचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. पण ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही त्यांनाही ‘सीओपीडी’ हा दीर्घकालीन श्वसनविकार होतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांतील या आजाराकडे आणि चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले होते. गॅस घरात आला तरी पाणी तापवायला वा भाकरी भाजायला चूल पेटतेच. स्वयंपाकघरात धूर बाहेर जाण्याची सोय असणे हा त्यामुळे आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

हृदयाची कडी सर्वांत फसवी. झटका म्हटला की छातीत कळ येणारच, ही समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे एकमेव लक्षण धाप हेच असू शकते. गेल्या महिन्यापर्यंत सहज चढता येणारा जिना आता मध्येच थांबायला लावतो, हा बदल महत्त्वाचा. धापेचे मोजमाप करताना डॉक्टर ‘किती दम लागतो’ यापेक्षा ‘पूर्वी काय करता येत होते आणि आता काय करता येत नाही’ हे विचारतात, ते यासाठीच.

पावसाळ्यात या यादीत आणखी एकाची भर पडते. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे आणि त्यापाठोपाठ धाप वा खोकल्यातून रक्त दिसल्यास तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्यात फुफ्फुसांत रक्तस्राव होण्याची भीती असते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. काही विषारी वायूंचा त्रास लगेच जाणवत नाही, फुफ्फुसांत पाणी काही तासांनी भरते. वायुगळतीत सापडलेल्या व्यक्तीने ‘आता बरे वाटते’ म्हणून तपासणी टाळू नये.

तळीयेची रात्र

तळीयेचे नाव राज्याला ठाऊक झाले ते २२ जुलै २०२१ रोजी. अतिवृष्टीत डोंगराचा कडा कोसळला आणि एक वाडी मातीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी महाड शहर सावित्रीच्या पुराने वेढलेले होते आणि रस्ते बंद होते. बाहेरची बचाव पथके दुसऱ्या दिवशी पोहोचू शकली, तोवर गावकरीच माती उपसत होते.

श्वासाच्या दृष्टीने पाहिले तर दरडीखालचा काळ किती अपुरा असतो, हे कळते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्येच एक पाच मजली इमारत कोसळली होती. त्या ढिगाऱ्यातून एका लहान मुलाला आणि एका महिलेला दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर काढण्यात आले. काँक्रीटचे स्लॅब आणि खांब यांच्यामध्ये पोकळ्या राहतात व त्यांत हवा असते. ओल्या मातीची दरड अशी पोकळी क्वचितच ठेवते. चिखल नाकातोंडात जातोच, शिवाय छातीभोवतीचा त्याचा भार बरगड्यांना फुलू देत नाही. नाक मोकळे असले तरी छाती हलली नाही तर श्वास होत नाही. मेंदूला प्राणवायू मिळणे थांबल्यावर काही मिनिटांतच कायमची हानी होऊ लागते. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा चेहरा मोकळा करताच बचावकार्य पूर्ण होत नाही, छातीवरचा भारही तातडीने दूर करावा लागतो, तो यामुळे.

दरडीच्या बाबतीत उपचाराला वाव इतका कमी आहे की खरा इलाज आधीच करावा लागतो. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे वा नव्या जागी पाणी फुटणे या डोंगराने दिलेल्या पूर्वसूचना असतात. त्या दिसताच वस्ती रिकामी करणे हाच उपाय. तळीयेच्या पुनर्वसनाचे काम म्हाडाकडे सोपवण्यात आले. पण त्याच रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि इशारा वेळीच ओळखण्याचा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहिला.

अशा आपत्तीतून वाचलेल्यांनाही धापेपासून सुटका नसते. श्वासावाटे चिखल-पाणी फुफ्फुसात गेल्यास पुढील दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. कित्येकांना नंतर पावसाचा आवाज वाढला की छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो. ही धाप तपासणीत दिसत नाही म्हणून खोटी ठरत नाही. तिलाही उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञांकडे मिळतात.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे :

• बसल्या जागी धाप लागणे, किंवा एक वाक्य एका दमात पूर्ण करता न येणे.
• धापेसोबत छातीत दुखणे, दरदरून घाम, चक्कर वा बेशुद्धी.
• ओठ, जीभ वा नखे निळसर पडणे. रुग्ण गोंधळल्यासारखा वा गुंगीत जाणे.
• खोकल्यातून रक्त वा गुलाबी फेस येणे.
• एका पायाला सूज व वेदना असताना, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर अचानक धाप लागणे.
• विंचू, साप, मधमाशी यांच्या दंशानंतर वा नव्या औषधानंतर श्वासाला त्रास होणे.
• विश्रांतीतही ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ पेक्षा कमी राहणे. हात गार असल्यास किंवा नखांना रंग असल्यास हा आकडा चुकू शकतो.

लहान मुले तक्रार सांगू शकत नाहीत. त्यांचे श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळाने दूध पिणे सोडले असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

रुग्णालय गाठेपर्यंत रुग्णाला बळेच आडवे करू नये. ज्या स्थितीत श्वास सोपा वाटतो, बहुधा टेकून बसलेल्या, त्या स्थितीत राहू द्यावे. कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी. दम्याच्या रुग्णाला त्याचा नेहमीचा श्वासफवारा द्यावा. धापेत पाणी वा अन्न बळेच भरवू नये, ते श्वासमार्गात जाऊ शकते. दंशाच्या जागी चिरा देणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जाणारा वेळ परत मिळत नाही. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. दुर्गम वाडीतून निघताना रुग्णवाहिका जेथपर्यंत येऊ शकते तेथपर्यंत रुग्णाला चालवत न नेता डोलीतून न्यावे, कारण चालण्याचा प्रत्येक पाऊलभर श्रम थकलेल्या हृदयावर भार टाकतो. महाड व पोलादपूर येथील ग्रामीण रुग्णालये ही या परिसरातील पहिली ठिकाणे.

ज्यांची धाप जुनी व सावकाश वाढणारी आहे, त्यांच्यासाठी तपासण्या साध्या आहेत. हिमोग्लोबिन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख आणि फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री एवढ्यांतून बहुतेक कारणांची दिशा कळते. गरज पडल्यास हृदयाची सोनोग्राफी करता येते.

चढ चढून आल्यावर लागलेला आणि दोन-पाच मिनिटे बसताच ओसरणारा दम ही शरीराची रीत आहे. तीच चढण कालच्यापेक्षा आज जड वाटू लागली, किंवा चढण नसतानाही दम लागला, तर तो इशारा समजावा. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात एका डॉक्टरने रुग्णाशेजारी बसून असे इशारे टिपले आणि त्यातून असंख्य जीव वाचले. घरातल्या माणसांनीही तेवढे लक्ष द्यायला हरकत नाही.